कर्नाळ्याच्या पायथ्याचा शेजारी

पनवेलच्या एस.टी. स्टँडवर उतरा आणि पेणकडे जाणारी गाडी धरा. पळस्पे फाटा मागे पडला की थोड्याच वेळात शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. १८४५ सालच्या नोव्हेंबरात ते येथे जन्मले. गावाला मनोमन नमस्कार करावा आणि खिडकीतून पुढे पाहावे. डोंगराच्या माथ्यावर कोणी आभाळात अंगठा उभा धरावा तसा एक सुळका दिसतो. तोच कर्नाळा. पनवेलपासून अंतर अवघे बारा किलोमीटर.

हा किल्ला महाराजांनी पुरंदरच्या तहात मोगलांना दिला आणि १६७० साली परत घेतला. त्याच्या पायथ्याचे रान १९६८ पासून पक्ष्यांसाठी राखीव आहे. सुट्टीच्या दिवशी शहरातली मंडळी गळ्यात दुर्बिणी अडकवून येतात, माना वर करून झाडांचे शेंडे न्याहाळतात. लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक दिसला की त्यांचा दिवस सार्थकी लागतो. त्यात वावगे काही नाही. परंतु वाचकहो, आज मी तुम्हाला पक्षी दाखवायला आणलेले नाही. आज मान खाली घालून चालायचे आहे. तुमच्या-माझ्या शेताच्या बांधाशी ज्याचा संबंध येतो, असा या रानातला एक जुना रहिवासी तुम्हाला भेटवायचा आहे.

पौषातली गोष्ट. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. ओढ्याच्या कडेच्या कातळावर नुकतेच ऊन आले होते. माझ्याबरोबर पायथ्याच्या वाडीतले एक वयस्क गृहस्थ होते. उभा जन्म याच डोंगरात गेलेला. चालता चालता त्यांनी माझा दंड धरला आणि हनुवटीने खूण केली. मला आधी काहीच दिसेना. कातळावर वाळल्या पानांचा एक ढीग तेवढा होता. मग त्या ढिगाने श्वास घेतला!

तो अजगर होता. दहा फुटांच्या आसपास लांब, माणसाच्या पोटरीएवढा जाड. पिवळट करड्या अंगावर तपकिरी रंगाचे वेडेवाकडे ठिगळ, जणू गोधडीच पांघरली आहे. डोक्यावर भाल्याच्या फाळासारखी खूण. ऊन अंगावर घेत तो निवांत पडला होता. आम्ही पंधरा पावलांवरून पाहत राहिलो. त्याने आमची दखलही घेतली नाही.

"काय करनार नाय तो," गृहस्थ म्हणाले. "आपन त्याच्या वाटंला गेलो नाय, तर तो आपल्या वाटंला येत नाय."

विष नसलेला शिकारी

आपल्या मनात साप म्हटला की विष आलेच. पण आपल्याकडे माणसाचा जीव घेणारे साप मुख्यतः चारच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. अजगराला विषाची पिशवी नाही, विषाचे पोकळ दातही नाहीत. साधे दात मात्र पुष्कळ आहेत. ते आतल्या बाजूला वळलेले असल्याने तोंडात सापडलेली शिकार मागे निसटू शकत नाही.

तो कोणाच्या मागे धावत नाही. धावेल कुठून? माणूस सावकाश चालला तरी त्याच्या पुढे जाईल. उंदरा-सशाची ये-जा असते त्या वाटेवर तो दबा धरून बसतो. रात्रीच्या मिट्ट काळोखातही त्याला सावज कळते, कारण त्याच्या वरच्या ओठावर बारीक खळग्यांची एक रांग असते. उबदार अंगाचा प्राणी जवळ आला की त्याच्या अंगाची ऊब या खळग्यांना जाणवते. मग क्षणात झडप, आणि झडपेपाठोपाठ वेटोळे.

अजगर वेटोळ्यात धरून हाडांचा चुरा करतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते खरे नाही. पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञही म्हणत की सावज श्वास कोंडून मरते. २०१५ साली अमेरिकेत अजगरासारख्याच बोआ जातीच्या सापावर प्रयोग झाले. त्यांत असे दिसले की आवळण्याने काही क्षणांतच सावजाचा रक्तप्रवाह थांबतो आणि हृदय बंद पडू लागते. म्हणजे मरण येते ते आपल्याला वाटते त्यापेक्षा लवकर.

त्यानंतरचे गिळणे हे तर एक आश्चर्यच. खालच्या जबड्याची दोन हाडे पुढे हनुवटीशी जोडलेली नसतात, तेथे रबरासारखा लवचीक पट्टा असतो. त्यामुळे तोंड हवे तेवढे फाकते. सावज बहुधा डोक्याकडून आत जाते, म्हणजे पाय आणि केस आडवे येत नाहीत. गिळताना गुदमरू नये म्हणून तो श्वासनळीचे तोंड पुढे काढून ठेवतो. एकदा पोट भरले की आतड्यांपासून काळजापर्यंत सगळी यंत्रणा फुगून कामाला लागते. जेवण पचले की पुन्हा आकसते. मग कित्येक आठवडे, कधी कधी महिनेही त्याला अन्न लागत नाही. कातळावर पडलेला तो अजगर आळशी नव्हता. थंड रक्ताच्या प्राण्याला अंगात ऊब आणायची तर उन्हाशिवाय दुसरी चूल नाही.

अवधूताने जे चोवीस गुरू केले, त्यांत एक अजगर आहे, हे तुम्ही कीर्तनात ऐकले असेल. आपणहून जे समोर येईल त्यावर राहावे, न मिळाले तर स्वस्थ बसावे, हा त्याच्यापासून घ्यायचा धडा. ज्यांनी हे सांगितले त्यांनी अजगर नीट पाहिला होता, यात मला शंका वाटत नाही.

त्याच्या अंगावर आणखी एक जुनी खूण आहे. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना नखासारखे दोन बारके काटे असतात. फार पूर्वी सापांच्या पूर्वजांना पाय होते, त्या मागच्या पायांची ही शिल्लक. नरात हे काटे मोठे असतात.

अंडी उबवणारी मादी

साप म्हणजे माया नसलेली जात, असे आपण म्हणतो. पुष्कळ साप अंडी घालून निघून जातात, हेही खरे. अजगराची मादी तशी नाही. उन्हाळ्यात एखाद्या बिळात, कपारीत किंवा झाडाच्या ढोलीत ती अंडी घालते. ती वीस-पंचवीस असतात, क्वचित शंभरापर्यंतही जातात. मग त्यांच्याभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने ती तिथेच राहते. या काळात ती बहुधा काही खात नाही. गारवा वाढला की ती अंगाला सारखे झटके देते, थंडीत आपण कुडकुडतो तसे, आणि त्या हालचालीने अंगात ऊब आणून अंड्यांना देते.

एका फ्रेंच प्रवाशाने आपल्या देशात हे पाहून १८३२ साली पॅरिसच्या विद्वानांना सांगितले, तेव्हा त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. थंड रक्ताचा साप ऊब कुठून देणार? पुढे १८४१ साली पॅरिसच्याच प्राणिबागेत एका मादीने अंडी घातली. तेव्हा वेटोळ्यात उष्णतामापक ठेवून पाहिले आणि प्रवाशाचे म्हणणे खरे ठरले.

अंडी फुटतात ती पावसाच्या तोंडाशी. पिल्ले जन्मतःच दीड-दोन फुटांची असतात आणि पहिल्या दिवसापासून आपापल्या पोटाची सोय स्वतः पाहतात. भाताच्या रोपांची घाई आणि या पिल्लांचे बाहेर पडणे एकाच सुमाराला येते, एवढे लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

आजीचे करडू

आता त्या वाडीतली हकिकत सांगतो. ज्या गृहस्थांनी मला अजगर दाखवला, त्यांच्याच शेजारच्या घरची.

एका श्रावणात रात्रभर पाऊस कोसळत होता. पहाटे गोठ्यात बकरी सारखी ओरडू लागली. घरची म्हातारी आजी कंदील घेऊन गेली, तर कोपऱ्यात अजगर. दीड महिन्याचे करडू त्याच्या पोटात गेलेले, पोटाचा मधला भाग फुगलेला. आजीने हाक मारली, माणसे जमली. कोणी काठी आणली, कोणी कोयता. दोघा-तिघांनी त्याला काठ्यांनी ढोसले. अजगराने मोठा फूत्कार टाकला, आणि मग हळूहळू तोंड फाकून करडू बाहेर टाकले. अर्थात मेलेले.

त्याने असे का केले? भरल्या पोटी त्याला पळता येत नाही. जिवावर बेतले की तो घास टाकून हलका होतो. म्हणजे आपण ढोसून काय मिळवले? करडू गेले ते गेलेच, आणि त्याचा बळीही फुकट गेला. भूक तशीच राहिलेला अजगर पुन्हा कोणाच्या तरी गोठ्याकडे वळणार.

कोयता वर झाला तेव्हा आजी मध्ये आली. "मारून माजं करडू परत येनार हाय का, पोरांनो?" एवढेच ती म्हणाली. मग एकाने वनखात्याला कळवले. तोवर बकरी आणि कोंबड्या दुसरीकडे हलवल्या, दाराशी एक माणूस बसवला. दोन तासांनी वनखात्याची माणसे आली, त्यांनी अजगर पोत्यात घेतला आणि डोंगरात सोडला.

आजी मोठ्या मनाची, एवढे म्हणून मला हा विषय मिटवायचा नाही. मी तिला भेटलो तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, जनावर वाचला ता बरा झाला. पन ता करडू मी दिवालीला इकनार होते." तिच्या घरात ते करडू म्हणजे नातवाचे कपडे, किराणा, दवापाणी होते. ज्याचे नुकसान झाले त्याला रान वाचवण्याचे महत्त्व सांगणे सोपे असते. सोसायचे त्यालाच असते.

'अजगर' या शब्दातच ही गोष्ट लिहून ठेवलेली आहे. संस्कृतात अज म्हणजे बोकड आणि गर म्हणजे गिळणारा. बकरीवाला आणि अजगर यांचे हे भांडण इतके जुने आहे! पण हिशेब पुरता मांडायला हवा. अजगराच्या रोजच्या पोटापाण्यात करडू क्वचितच येते. उंदीर, घुशी, ससे, पाखरे, जंगलातले लहानसहान प्राणी, हेच त्याचे खरे अन्न. भाताच्या खाचराचा बांध पोखरून पाणी वाहून नेणारी घूस तुम्हाला किती रडवते, हे मी सांगायला नको. एकटा अजगर गावचे उंदीर संपवील असे मी म्हणणार नाही. वर्षात त्याची जेवणे मोजकीच, आणि या कामात धामण त्याच्या कितीतरी पुढे आहे. पण बांधावर, ओढ्याकाठी, डोंगरउतारावर घुशीला जे जे राखणदार आहेत, त्यांतला तो एक आहे.

अजगराचे पोर की घोणस?

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घरातल्या मुलांनाही वाचून दाखवा.

त्याच वाडीतला एक तरुण आवणात रोपांच्या मुठी बांधत होता. चिखलाच्या कडेला हात-दीड हात लांबीचे, ठिपक्या-ठिपक्यांचे एक साप त्याला दिसले. "अजगराचं पोर हाय, काय करत नाय," असे म्हणून त्याने ते उचलले. ती घोणस होती. बोटाला दंश झाला. दवाखान्यात नेले म्हणून जीव वाचला, पण मूत्रपिंडाला इजा झाली. कित्येक दिवस यंत्रावर रक्त शुद्ध करावे लागले आणि एक बोट कायमचे गेले.

अजगराला विष नाही हे ज्ञान चांगले, पण अर्धवट असले तर ते असे घात करते. घोणशीची पिल्लेही पावसाच्या तोंडाशीच जन्मतात. अंडी नव्हे, घोणस थेट पिल्ले देते. म्हणजे आवणात, बांधावर, गवताच्या भाऱ्यात दोघांची पोरे एकाच सुमारास फिरत असतात. फरक असा:

घोणशीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारखे लांबट गोल ठिपके असतात. तीन सरळ ओळींत, एकसारखे, काळ्या कडांचे. अजगराचे ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे, एकात एक मिसळलेले असतात. घोणशीची कातडी खरखरीत आणि मळकट दिसते, तर अजगराची गुळगुळीत आणि चकचकीत. घोणशीचे डोके तिकोनी आणि मान बारीक असते. डिवचली की ती कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार बराच वेळ सोडत राहते. आणि साप वीतभरच असेल, तर ते अजगराचे पिल्लू नव्हे, कारण ते जन्मतःच दीड फुटाचे असते. दुरक्या घोणस म्हणून तिसरा एक बिनविषारी सापही या दोघांसारखाच दिसतो. तो घोटाळ्यात आणखी भर घालतो.

हे सर्व लांबून पाहण्यासाठी सांगितले, उचलून खात्री करण्यासाठी नव्हे. कोणताही साप हाताळू नका, हाच खरा नियम. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने मेली. त्यांत बहुतेक खेड्यातली. या दंशांत घोणशीचा वाटा फार मोठा आहे. दंश झाला तर जागा कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला धीर द्या, चावलेला अवयव हलू देऊ नका आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. सर्पविषावरची लस हाच एक उपाय. अजगर चावला तर विषबाधा नाही, पण जखम खोल होते. ती साबणपाण्याने धुऊन डॉक्टरांकडून धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. कोणता साप चावला याची शंका असेल, तर घोणसच समजून वागावे.

जागा कोणाची?

परतीच्या वाटेवर पनवेलकडे पाहा. खारघर, कामोठे, कळंबोली येथे एके काळी भातशेती आणि खाजणे होती. १९७० साली सिडको आली आणि नवी मुंबई उभी राहिली. पुढे पुण्याचा द्रुतगती मार्ग झाला. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. त्या विमानतळाचे उद्घाटन २०२५ साली झाले. कर्नाळ्याच्या रानातून तर गोव्याचा महामार्गच जातो. जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांना काय सोसावे लागले, हे या भागातल्या घराघरात ठाऊक आहे. त्याच जमिनीत बिळे करून राहणाऱ्यांना मात्र कोणी नोटीसही पाठवली नाही. अजगर गावात शिरला असे आपण म्हणतो. पुष्कळदा गावच त्याच्या अंगणात शिरलेले असते.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात उलटे घडले आहे. आपल्या अजगराचा चुलतभाऊ, ब्रह्मदेशी अजगर, लोकांनी तिथे हौसेने पाळला आणि मोठा झाल्यावर दलदलीत सोडला. आता त्याने तिथले ससे आणि इतर प्राणी पार कमी केले, आणि त्याला पकडून मारायला सरकार पैसे मोजते. परक्या रानात जो उपद्रव होतो, तोच आपल्या रानात घरचा असतो. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव रानात अजगर आणि साळिंदर एकाच बिळात राहताना अभ्यासकांनी पाहिले आहेत.

आपल्याकडे एके काळी पाकिटे आणि चपला करण्यासाठी सापांची कातडी परदेशी जात. १९७६ साली ती निर्यात बंद झाली. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. त्यात अजगर वाघाच्याच पहिल्या यादीत आहे. त्याला मारणे, पाळणे, विकणे या गुन्ह्यांना तीन ते सात वर्षांची कैद आहे. तेव्हा आठवडी बाजारात सांधेदुखीवर अजगराची चरबी म्हणून कोणी बाटली पुढे केली, तर घेऊ नका. गुण येत नाही, आणि गुन्हा मात्र होतो.

मग करायचे काय? खुराड्याला बारीक जाळी लावा. बोट जाईल त्या फटीतून पिल्लू जाते. करडे रात्री बंद खोलीत किंवा उंच फळ्यांवर ठेवा. पेंढ्याची उडवी आणि लाकडांचा ढीग गोठ्याच्या भिंतीला चिकटून नको. उष्टे-खरकटे दूर टाका, म्हणजे उंदीर येत नाहीत. उंदीर नसतील तर साप कशाला येईल? आणि आलाच, तर मुले-बकऱ्या हलवा, लांबून लक्ष ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

नागपंचमीला आपण नांगर धरत नाही, विळीवर चिरत नाही. एक दिवस जमिनीखालच्यांना त्रास नको म्हणून. हा रिवाज ज्यांनी घातला ते तुमच्या-माझ्यासारखेच शेतकरी होते. त्यांचीही करडे गेली असतील.

मी निघालो तेव्हा आजी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. बकरी पुन्हा व्याली होती. दोन करडे गोठ्याच्या नव्या जाळीआडून बाहेर पाहत होती. "जाली लेकानं लावली," आजी म्हणाली. मग डोंगराकडे हात करून हसली, "आता त्यानं तितं र्‍हावं, आमी इतं."

तेवढ्यात पेणहून येणारी गाडी वळणावर दिसली, आणि मी सडकेकडे धावलो.